संकरित कॅश साठवण आणि सॉलिड स्टेट ड्राइव्ह (लॅपटॉप)

संकरित कॅश साठवण ही संगणकात माहिती साठवण्याची अशी पद्धत आहे, जिच्यात मोठ्या क्षमतेच्या परंतु संथ माध्यमाला लहान क्षमतेच्या वेगवान माध्यमाची जोड दिलेली असते. वारंवार लागणारी माहिती वेगवान भागात आपोआप ठेवली जाते. या हाताशी ठेवलेल्या साठ्याला कॅश म्हणतात. वापरकर्त्याला मात्र दोन्ही भाग मिळून एकच ड्राइव्ह दिसतो. याउलट, पारंपरिक सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये (एसएसडी) सर्व माहिती फ्लॅश स्मृतीच्या चिपांवरच साठवलेली असते.

लॅपटॉपमध्ये संकरित साठवण प्रामुख्याने दोन रूपांत आढळली. पहिल्या रूपात हार्ड डिस्कला फ्लॅश स्मृतीची जोड होती, तर दुसऱ्या रूपात फ्लॅश स्मृतीलाच थ्रीडी क्रॉसपॉइंट या अधिक वेगवान स्मृतीची जोड होती. फ्लॅश महाग असताना पहिल्या रूपाला व्यावहारिक अर्थ होता. फ्लॅश स्वस्त झाल्यावर त्याची गरज ओसरली आणि दुसरे रूपही फार काळ टिकले नाही.

== पार्श्वभूमी ==

हार्ड डिस्कमध्ये माहिती फिरत्या चकतीवर चुंबकीय स्वरूपात नोंदवलेली असते. एखादी नोंद वाचण्यासाठी वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर न्यावे लागते आणि चकतीचा योग्य भाग त्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या चकतीची एक फेरी सुमारे ११.१ मिलिसेकंदांत पूर्ण होते. म्हणजे केवळ चकती फिरण्यापायी सरासरी ५.६ मिलिसेकंद जातात. ७२०० फेऱ्यांच्या चकतीत ही सरासरी ४.२ मिलिसेकंद असते. वाचनशीर्ष हलवण्याचा वेळ धरल्यास लॅपटॉपमधील हार्ड डिस्कला विखुरलेली एक नोंद आणण्यास साधारण १५ मिलिसेकंद लागतात.

फ्लॅश स्मृतीत हलणारा भाग नसतो. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची संकल्पना मांडली. आजच्या एसएसडीत तिचा नँड हा प्रकार वापरला जातो. नँड फ्लॅशमधून नोंद वाचण्यास साधारणतः ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो.

ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना किंवा एखादा प्रोग्राम उघडताना डिस्कवर विखुरलेल्या हजारो लहान नोंदी वाचल्या जातात. त्यामुळे लॅपटॉपची जाणवणारी गती सलग वाचनाच्या वेगापेक्षा या प्रतीक्षाकाळावर अधिक अवलंबून असते. तथापि, २०१० च्या सुमारास मोठ्या क्षमतेची एसएसडी सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती. शिवाय, बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची ड्राइव्हसाठी एकच जागा असे. टेबलावरील संगणकाप्रमाणे लहान एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क शेजारी-शेजारी बसवणे त्यांत शक्य नव्हते. या अडचणीवरील तोडगा म्हणून संकरित साठवण पुढे आली.

== प्रकार ==

कॅश कोठे आहे आणि तिचे व्यवस्थापन कोण करते, यांवरून या पद्धतीचे पुढील प्रकार पडतात.

* एकात्म संकरित ड्राइव्ह: यात हार्ड डिस्क आणि फ्लॅश एकाच कवचात असतात. कोणती माहिती फ्लॅशमध्ये ठेवायची हे ड्राइव्हमधील फर्मवेअर ठरवते. ऑपरेटिंग सिस्टीमला हा ड्राइव्ह साध्या हार्ड डिस्कसारखाच दिसतो.
* स्वतंत्र कॅश ड्राइव्ह: यात हार्ड डिस्क आणि लहान एसएसडी हे दोन वेगळे घटक असतात. त्यांना ड्रायव्हर सॉफ्टवेअर एकत्र बांधते.
* फ्लॅशवर क्रॉसपॉइंट कॅश: यात मुख्य साठा नँड फ्लॅशचा असून कॅश थ्रीडी क्रॉसपॉइंट स्मृतीची असते.

याच्याशी मिळतीजुळती परंतु वेगळी पद्धत म्हणजे स्तरित साठवण. कॅशमध्ये माहितीची प्रत ठेवली जाते आणि एकूण क्षमता मोठ्या माध्यमाएवढीच राहते. स्तरित साठवणीत माहिती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात हलवली जाते आणि दोन्हींची क्षमता एकत्र मोजली जाते. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०१२ मध्ये आयमॅक आणि मॅक मिनीसाठी आणलेला फ्यूजन ड्राइव्ह स्तरित प्रकारचा होता. त्यात सुरुवातीला १२८ गिगाबाइट फ्लॅश आणि १ किंवा ३ टेराबाइट हार्ड डिस्क होती. वेस्टर्न डिजिटलच्या २०१३ मधील ब्लॅक² या ड्राइव्हमध्ये १२० गिगाबाइट एसएसडी आणि १ टेराबाइट हार्ड डिस्क एकाच २.५ इंची कवचात होत्या, पण त्या वापरकर्त्याला वेगवेगळ्या दिसत. त्यामुळे तो ड्राइव्ह कॅश पद्धतीत मोडत नाही.

== इतिहास ==

=== प्रारंभ ===

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टा (२००७) या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये संकरित ड्राइव्हसाठी रेडीड्राइव्ह, तर पेन ड्राइव्हचा कॅश म्हणून वापर करण्यासाठी रेडीबूस्ट ही सोय होती. त्याच वर्षी इंटेलने लॅपटॉपसाठी टर्बो मेमरी हे कार्ड आणले. त्यावर ५१२ मेगाबाइट किंवा १ गिगाबाइट फ्लॅश असे. एवढ्या लहान कॅशमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेहमी लागणाऱ्या फाइलीही पुरेशा मावत नसत. काही प्रमुख लॅपटॉप उत्पादकांनी हे कार्ड वापरण्याचे टाळले.

=== हार्ड डिस्क आणि फ्लॅश ===

सीगेट कंपनीने मे २०१० मध्ये मोमेंटस एक्सटी हा २.५ इंची ड्राइव्ह आणला. त्यात ७२०० फेऱ्यांची, कमाल ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि ४ गिगाबाइट फ्लॅश होती. पहिल्या पिढीत फ्लॅशचा उपयोग केवळ वाचनासाठी केला जाई. २०११ च्या अखेरीस आलेल्या ७५० गिगाबाइटच्या आवृत्तीत फ्लॅश ८ गिगाबाइट झाली. २०१३ पासून सीगेटने अशा ड्राइव्हना एसएसएचडी हे नाव दिले. लॅपटॉपसाठीच्या त्या ड्राइव्हमध्ये चकतीचा वेग ५४०० फेरे करण्यात आला.

इंटेलने मे २०११ मध्ये झेड६८ चिपसेटसोबत स्मार्ट रिस्पॉन्स तंत्रज्ञान आणले. त्याद्वारे एसएसडीचा कमाल ६४ गिगाबाइट भाग हार्ड डिस्कची कॅश म्हणून वापरता येई. त्याच वर्षी इंटेलने अल्ट्राबुक या पातळ लॅपटॉपांच्या वर्गासाठी निकष ठरवले. निद्रावस्थेतून सात सेकंदांच्या आत जागे होणे हा त्यांपैकी एक होता. केवळ हार्ड डिस्कच्या बळावर तो पाळणे अवघड होते आणि पूर्ण क्षमतेची एसएसडी महाग होती. म्हणून अनेक अल्ट्राबुकांत हार्ड डिस्कसोबत २० ते ३२ गिगाबाइटची लहान एसएसडी बसवली गेली. एसरचा अ‍ॅस्पायर एस३ (३२० गिगाबाइट हार्ड डिस्क आणि २० गिगाबाइट एसएसडी) हे याचे उदाहरण होय.

=== ऑप्टेन ===

इंटेल आणि मायक्रॉन यांनी जुलै २०१५ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट स्मृती जाहीर केली. वेग, टिकाऊपणा आणि किंमत या तिन्ही बाबतींत तिचे स्थान रॅम आणि नँड फ्लॅश यांच्या मध्ये होते. इंटेलने ती ऑप्टेन या नावाने विकली. एप्रिल २०१७ मध्ये १६ आणि ३२ गिगाबाइटचे ऑप्टेन मेमरी कॅश ड्राइव्ह बाजारात आले. ते मुख्यतः हार्ड डिस्कच्या जोडीला वापरले जात.

२०१९ मध्ये आलेल्या ऑप्टेन मेमरी एच१० मध्ये एकाच एम.२ पट्टीवर ऑप्टेन आणि क्यूएलसी प्रकारची नँड फ्लॅश एकत्र होती. तिच्या तीन आवृत्त्या होत्या: १६ गिगाबाइट ऑप्टेनसह २५६ गिगाबाइट फ्लॅश, ३२ गिगाबाइटसह ५१२ गिगाबाइट आणि ३२ गिगाबाइटसह १ टेराबाइट. ही पट्टी लॅपटॉपसाठीच योजलेली होती. तिची सुधारित आवृत्ती एच२० ही २०२१ मध्ये आली.

== पारंपरिक एसएसडीतील कॅश ==

पारंपरिक एसएसडीत कॅश नसते असा समज होऊ शकतो, परंतु तो बरोबर नाही. फ्लॅशच्या एका सेलमध्ये किती बिट साठवले जातात, त्यावरून तिचे प्रकार पडतात. एसएलसीमध्ये एक, एमएलसीमध्ये दोन, टीएलसीमध्ये तीन आणि क्यूएलसीमध्ये चार बिट असतात. चार बिटांसाठी एकाच सेलमध्ये विद्युतभाराच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे दर गिगाबाइटला खर्च कमी होतो, पण लेखन मंदावते आणि सेल लवकर झिजतात.

ही मंदगती झाकण्यासाठी टीएलसी आणि क्यूएलसी एसएसडींमध्ये काही सेल तात्पुरते एसएलसीसारखे, म्हणजे एकच बिट साठवून वापरले जातात. नवे लेखन प्रथम तेथे होते आणि ड्राइव्ह रिकामा असताना ती माहिती दाट स्वरूपात पुन्हा लिहिली जाते. इंटेलच्या ६६०पी या १ टेराबाइट एसएसडीत ही कॅश ड्राइव्ह रिकामा असताना सुमारे १४० गिगाबाइट, तर जवळजवळ भरलेला असताना सुमारे १२ गिगाबाइट राहते. ती संपल्यावर लेखनाचा वेग एकदम घसरतो. म्हणून मोठ्या फाइलींची सलग नक्कल करताना काही एसएसडी आरंभी वेगवान आणि नंतर संथ वाटतात.

याखेरीज, कोणती माहिती कोठे आहे याची सूची ठेवण्यासाठी अनेक एसएसडींत स्वतंत्र डीरॅम चिप असते. स्वस्त एनव्हीएमई एसएसडी त्यासाठी संगणकाच्या मुख्य रॅमचा छोटा भाग वापरतात.

तात्पर्य, संकरित साठवण आणि आधुनिक एसएसडी यांतील फरक कॅश असण्या-नसण्याचा नाही. एसएसडीतील कॅश त्याच माध्यमाची असून ड्राइव्हच्या आतच तिचे व्यवस्थापन होते. स्वतंत्र कॅश ड्राइव्ह आणि ऑप्टेनच्या जोडणीत मात्र दोन भिन्न माध्यमे ड्रायव्हरच्या भरवशावर एकत्र नांदतात.

== कामगिरीची तुलना ==

कॅशचा लाभ दोन गोष्टींवर अवलंबून असतो: हवी असलेली माहिती कॅशमध्ये सापडण्याचे प्रमाण आणि दोन माध्यमांच्या वेगांतील अंतर. हार्ड डिस्कसाठी १५, फ्लॅशसाठी ०.१ आणि ऑप्टेनसाठी ०.०१ मिलिसेकंद असा ढोबळ प्रतीक्षाकाळ धरल्यास, एकामागून एक केलेल्या १०,००० लहान वाचनांना लागणारा वेळ पुढीलप्रमाणे येतो.

| कॅशमध्ये सापडण्याचे प्रमाण | हार्ड डिस्क + फ्लॅश | फ्लॅश + ऑप्टेन |
|---|---|---|
| ०% | १५० सेकंद | १ सेकंद |
| ५०% | ७५.५ सेकंद | ०.५५ सेकंद |
| ९०% | १५.९ सेकंद | ०.१९ सेकंद |
| ९९% | २.५ सेकंद | ०.११ सेकंद |

केवळ एसएसडी असल्यास हाच वेळ सर्व परिस्थितींत सुमारे १ सेकंद येतो.

यावरून दोन्ही रूपांच्या मर्यादा स्पष्ट होतात. हार्ड डिस्कला फ्लॅशची जोड दिल्यास सुधारणा फार मोठी असते. मात्र दहापैकी नऊ वाचने कॅशमधून झाली, तरी उरलेले एक वाचन एकूण वेळ व्यापून टाकते. त्यामुळे असा लॅपटॉप नेहमीच्या कामात चपळ वाटतो, पण नवा प्रोग्राम प्रथमच उघडताना किंवा जुनी छायाचित्रे चाळताना हार्ड डिस्कच्या गतीवर येतो. फ्लॅशला ऑप्टेनची जोड दिल्यास माहिती कॅशमध्ये न सापडण्याची झळ जवळजवळ बसत नाही. तथापि, एका सेकंदाचे काम पाचव्या भागात उरकले, तरी तो फरक माणसाला क्वचितच जाणवतो. पहिल्या रूपात चुकीची किंमत फार मोठी होती, तर दुसऱ्या रूपात यशाचा लाभ फार लहान होता.

सलग वाचन-लेखनाच्या बाबतीत एच१० वर आणखी एक बंधन होते. एम.२ जोडणीतील पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार मार्गिकांपैकी दोन ऑप्टेनला आणि दोन फ्लॅशला दिल्या होत्या. दोन्ही भागांतून एकाच वेळी वाचून १ टेराबाइट आवृत्तीसाठी इंटेलने सेकंदाला कमाल २४०० मेगाबाइट वाचन आणि १८०० मेगाबाइट लेखन असा वेग नमूद केला होता. त्याच काळातील चांगल्या एनव्हीएमई एसएसडी चारही मार्गिका वापरून सेकंदाला सुमारे ३५०० मेगाबाइट वाचत. लहान, विखुरलेली वाचने करताना ऑप्टेन सरस होते, तर मोठ्या चित्रफितींची नक्कल करताना साधी एसएसडी पुढे राहत असे.

== माहितीची सुरक्षितता ==

कॅशमध्ये लेखन दोन प्रकारे हाताळले जाते. थेट लेखनात माहिती कॅश आणि मुख्य साठा या दोन्हींत एकाच वेळी लिहिली जाते. कॅश निकामी झाली, तरी मुख्य प्रत शाबूत राहते. विलंबित लेखनात माहिती प्रथम कॅशमध्ये लिहून मुख्य साठ्यात नंतर उतरवली जाते. हा प्रकार वेगवान असला तरी काही काळ नवी माहिती केवळ कॅशमध्येच असते. स्मार्ट रिस्पॉन्स तंत्रज्ञानात हे दोन्ही पर्याय उपलब्ध होते.

विलंबित लेखनाच्या व्यवस्थेत कोणताही एक भाग बिघडला, तरी संपूर्ण साठा वाचता न येण्याचा धोका असतो. लॅपटॉप बिघडल्यावर केवळ हार्ड डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकाला जोडल्यास फाइली अपूर्ण किंवा जुन्या स्थितीत आढळू शकतात. म्हणून ऑप्टेनची जोडणी असलेल्या लॅपटॉपमधील ड्राइव्ह काढण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधून ही जोडणी रीतसर बंद करावी लागते. तसे केल्यास कॅशमधील माहिती मुख्य साठ्यात उतरवली जाते. मोमेंटस एक्सटीच्या पहिल्या पिढीत फ्लॅश केवळ वाचनासाठी असल्याने हा धोका नव्हता.

पारंपरिक एसएसडीचेही काही धोके आहेत. तिच्यातील नियंत्रक चिप अचानक निकामी झाल्यास माहिती परत मिळवणे बहुधा कठीण जाते. पुसलेल्या फाइलींची जागा ट्रिम या आज्ञेमुळे लवकरच मोकळी केली जाते, त्यामुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता हार्ड डिस्कपेक्षा कमी असते. मात्र सर्व माहिती एकाच घटकात असल्याने ड्राइव्ह दुसऱ्या संगणकात नेणे सोपे असते. कोणतीही पद्धत वापरली तरी माहितीची वेगळी प्रत ठेवण्याला पर्याय नसतो.

== वीजवापर आणि हाताळणी ==

हार्ड डिस्कवर आधारलेल्या संकरित ड्राइव्हमध्ये मोटर आणि वाचनशीर्ष कायम राहतात. माहिती कॅशमध्ये सापडत असताना चकती थांबवून वीज वाचवता येते, परंतु ती पुन्हा फिरू लागेपर्यंत वापरकर्त्याला थांबावे लागते. चालू लॅपटॉप हातातून पडल्यास चकतीला इजा होण्याचा धोकाही राहतो. संपूर्ण एसएसडीत आवाज, कंपने आणि आघाताची ही भीती नसते. एम.२ एसएसडी २.५ इंची ड्राइव्हच्या तुलनेत फारच कमी जागा घेते, त्यामुळे लॅपटॉप पातळ करणे किंवा मोठी बॅटरी बसवणे शक्य होते.

== सुसंगतता ==

एकात्म संकरित ड्राइव्ह कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमसोबत चालतो. ड्रायव्हरवर आधारलेली जोडणी मात्र ठरावीक प्रोसेसर, चिपसेट, बायोस आणि विंडोज यांच्यापुरती मर्यादित असते. एच१० ही पट्टी तिला पाठिंबा नसलेल्या संगणकात बसवल्यास तिचे दोन्ही भाग कॅश म्हणून एकत्र येत नाहीत. लिनक्समध्ये इंटेलची ही जोडणी वापरता येत नाही. त्या प्रणालीत डीएम-कॅश आणि बीकॅश या कॅश यंत्रणा २०१३ पासून स्वतंत्रपणे उपलब्ध आहेत. विंडोजसोबत लिनक्स बसवताना बायोसमधील साठवणीची पद्धत बदलावी लागते. ऑप्टेनची जोडणी बंद न करता हा बदल केल्यास विंडोज सुरू न होण्याची शक्यता असते.

पारंपरिक एनव्हीएमई एसएसडी प्रमाणित नियमांनुसार चालत असल्याने तिला अशा विशेष ड्रायव्हरची आवश्यकता नसते.

== किंमत आणि विपणन ==

संकरित साठवणीचे मुख्य आकर्षण किंमत हे होते. हार्ड डिस्कच्या किमतीत थोडी भर घालून मोठी क्षमता आणि बराचसा वेग मिळत असे. त्याचबरोबर ग्राहकांचा गोंधळही झाला. ऑप्टेनच्या नावात ‘मेमरी’ हा शब्द असल्याने काही विक्री-जाहिरातींत रॅम आणि ऑप्टेन यांची बेरीज करून एकच आकडा दिला जाई. अशा जाहिरातीतील २४ गिगाबाइट मेमरीच्या लॅपटॉपमध्ये प्रत्यक्षात ८ गिगाबाइट रॅम आणि १६ गिगाबाइट ऑप्टेन असे. ऑप्टेन कॅश रॅमची जागा घेत नाही. एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवण्यासाठी रॅम कमी पडत असेल, तर साठवणीच्या कॅशमुळे ती उणीव भरून निघत नाही.

== ऱ्हास आणि सद्यस्थिती ==

थरांवर थर रचलेली नँड फ्लॅश आणि टीएलसी-क्यूएलसी तंत्र यांमुळे एसएसडीची किंमत उतरत गेली. २५६ आणि ५१२ गिगाबाइटच्या एसएसडी सामान्य लॅपटॉपमध्ये मिळू लागल्यावर हार्ड डिस्क आणि फ्लॅश यांच्या संकराची गरज उरली नाही. मायक्रॉनने मार्च २०२१ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंटचा विकास थांबवला. इंटेलने आपला नँड फ्लॅशचा व्यवसाय दक्षिण कोरियातील एसके हायनिक्स कंपनीला विकला आणि जुलै २०२२ मध्ये ऑप्टेन व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

नव्या लॅपटॉपमध्ये आता एनव्हीएमई एसएसडी हीच प्रमुख साठवण आहे. संकरित साठवण असलेले जुने लॅपटॉप मात्र अद्याप वापरात आढळतात. त्यांतील संपूर्ण ड्राइव्हच्या जागी एक साधी एसएसडी बसवल्यास वरील तक्त्यातील ‘न सापडलेल्या’ वाचनांचा विलंब संपतो आणि दोन घटकांच्या परस्परावलंबनातून येणारा धोकाही दूर होतो. लहान वेगवान साठ्याने मोठ्या संथ साठ्याला आधार देण्याचे तत्त्व यामुळे कालबाह्य झालेले नाही. सर्व्हर आणि मोठ्या साठवण यंत्रणांत हार्ड डिस्कसाठी फ्लॅशची कॅश वापरली जाते, तर लॅपटॉपमध्ये तेच तत्त्व एसएसडीच्या आतील एसएलसी कॅशच्या रूपाने कार्यरत आहे.